वैशाखांतील माती : मुळांच्या सोबत्यांचें ऋतुचक्र

नागपूर शहराच्या दक्षिणेस, सोनेगांवच्या विमानतळापलीकडे, वर्धा मार्गाच्या कडेनें पसरलेला जो टापू आज 'मिहान' या नांवानें ओळखला जातो, तो वैशाखाच्या उत्तरार्धांत पाहिला तर मातीविषयीं कोणासही आशा वाटूं नये असाच दिसतो. पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. काळ्या जमिनीस हात शिरेल एवढ्या भेगा पडलेल्या असतात. कुसळी गवताच्या काड्या पिवळ्या पडून मोडून गेलेल्या असतात. अशा वेळीं, या मातींत आतां कांहीं जिवंत उरलें नाहीं, असें कोणी म्हटल्यास त्यास विरोध करावयास फारसें कोणी पुढें येणार नाहीं. तथापि तें विधान खरें नाहीं. आपल्या घरांतील वडीलधाऱ्या स्त्रिया ज्या महिन्यांत पापड, कुरडया, लोणचीं करून वर्षाची बेगमी करितात, त्याच महिन्यांत या भेगाळलेल्या मातींतही एक बेगमी निजून असते. ती कोण करितो, पावसाबरोबर ती कशी उघडते, आणि माणसाच्या हातून ती कशी उधळली जाते, हें वाचकांपुढें मांडावें एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम या भूमीची ओळख करून घेऊं. नागपूर येथें वर्षाकाठीं सुमारें ११०० मिलिमीटर पाऊस पडतो. परंतु त्यांतील बहुतेक सर्व ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंतच्या चार महिन्यांत पडून जातो. उरलेले आठ महिने जमिनीनें त्याच पुंजीवर काढावयाचे. हवामानाचें वर्गीकरण करणाऱ्या कोपेन या शास्त्रज्ञाच्या पद्धतीनुसार हें हवामान 'उष्णकटिबंधीय सॅव्हाना' या वर्गांत मोडतें. सॅव्हाना म्हटलें कीं आपणांस आफ्रिकेंतील सिंह आणि जिराफ आठवतात. पण सॅव्हाना म्हणजे गवताची अखंड भूमि व तींत विरळ उभे असलेले वृक्ष. पळस, मोह, तेंदू, साग आणि त्यांखालीं पवन्या, मारवेल, कुसळी हें आपल्या विदर्भाच्या माळरानाचें रूप त्याच जातीचें आहे. अशी उघडी रानें म्हणजे तोडलेल्या अरण्याचे अवशेष, असा समज पुष्कळ दिवस होता. २०१६ सालीं भारतांतील कांहीं परिस्थितिशास्त्रज्ञांनीं आशियांतील सॅव्हाना फार प्राचीन आहेत असें साधार मांडलें. आणि २०२५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत तर जुन्या मराठी काव्यांतील व संतचरित्रांतील वनस्पतींच्या उल्लेखांवरून, पश्चिम महाराष्ट्रांतील अशी रानें निदान साडेसातशें वर्षांपूर्वींही तशींच होतीं, असें दाखविण्यांत आलें. आठ महिने कोरडे आणि चार महिने ओले, या क्रमाशीं येथील प्रत्येक सजीवानें फार पूर्वींच जमवून घेतलें आहे. ज्याचें जमवून घेणें डोळ्यांस दिसत नाहीं, अशा एका सजीवाविषयीं आपणांस येथें बोलावयाचें आहे.

शाळेच्या क्रमिक पुस्तकांत रोपाच्या मुळाचें जें चित्र असतें, त्यांत मूळ, उपमूळ व मूलरोम असतात. त्या चित्रांत मुळाचा सोबती बहुधा नसतो. १८८५ सालीं आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानें असें दाखवून दिलें कीं, कित्येक झाडांच्या मुळांशीं एक प्रकारची बुरशी इतकी एकजीव होऊन राहते कीं तीं दोन मिळून जणूं एकच इंद्रिय होतें. या इंद्रियास त्यानें 'मायकोरायझा' असें नांव दिलें. ग्रीक भाषेंतील 'कवक' व 'मूळ' या अर्थाच्या दोन शब्दांचा हा समास आहे. आपण त्यास कवकमूल म्हणूं. व्याकरण शिकलेल्या वाचकांस हा समास कोणता, असा प्रश्न पडेल. आमच्या मतें निसर्गानें तो इतरेतर द्वंद्व केला आहे. कारण यांत दोन्ही पदें प्रधान आहेत.

फ्रांकनें पाहिलेली बुरशी मुळाला बाहेरून वेढून राहणारी होती. साल व चीड या वृक्षांच्या मुळांवर ती असते, आणि तिच्यापासून पावसाळ्यांत जमिनीवर छत्र्या उगवतात. आपल्या कपाशीची, तुरीची, ज्वारीची, संत्र्याची, सागाची आणि गवताची बुरशी निराळ्या कुळांतील आहे. ती मुळाच्या पेशींत शिरून तेथें इवल्याशा झुडुपासारखी फांदाळते, आणि जमिनीवर तिची छत्री कधींच दिसत नाहीं. भूतलावरील सुमारें शेंकडा सत्तर वनस्पतिजातींशीं या कुळाचें सख्य आहे. स्कॉटलंडमधील ऱ्हायनी या गांवच्या पाषाणांत ४० कोटी वर्षांपूर्वींच्या वनस्पतींचे अवशेष सांपडले आहेत, त्यांतही ही झुडुपें स्पष्ट दिसतात. म्हणजे वनस्पतींस धड मुळें फुटण्यापूर्वींपासूनचा हा सोबती आहे. अपवादही आहेत. मोहरी, मुळा, कोबी, पालक हीं पिकें या सोबत्यास घरांत घेत नाहींत.

येथें आम्हांस कालिदासाची आठवण होते. नागपूरजवळचें रामटेक म्हणजेच 'मेघदूता'तील रामगिरि, असें महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांचें प्रतिपादन सुप्रसिद्ध आहे. त्या काव्यांत मेघाची गर्जना पृथ्वीला शिलीन्ध्रांनीं भरून टाकते व तिला सुफल करिते, अशी कल्पना आहे. आणि टीकाकार मल्लिनाथ शिलीन्ध्रांचें उगवणें ही पुढें येणाऱ्या धान्यसमृद्धीची खूण मानतो. शिलीन्ध्र म्हणजे भूछत्र कीं कंदली, याविषयीं पंडितांत मतभेद आहे. कंदली घेतली तर प्रश्नच मिटला. परंतु भूछत्र घेतलें तरी, आमच्या ज्वारीला साह्य करणारी बुरशी तीच, असें म्हणतां येत नाहीं. पहिल्या पावसाबरोबर मातींतील गुप्त जीवन जागें होतें आणि त्यावर पीक अवलंबून असतें, एवढें निरीक्षण मात्र अगदीं यथार्थ आहे.

आतां हा सोबती करितो काय तें पाहूं. आपली काळी माती चुनखडीयुक्त आहे. तींत स्फुरद हें द्रव्य असतें, पण चुन्याशीं बांधलेलें असतें. शिवाय तें मातींत फारच मंद गतीनें सरकतें. त्यामुळें मुळाच्या लगतचा एकदोन मिलिमीटरांचा थर लौकरच रिता होतो, आणि मूळ भरल्या कोठाराच्या दाराशीं उपाशी राहतें. बुरशीचे तंतु याहून कित्येक सेंटिमीटर दूर जातात. एक तंतु मिलिमीटरच्या सुमारें दोनशेव्या भागाइतका बारीक असल्यामुळें, जेथें मूलरोमाचाही शिरकाव होत नाहीं अशा कणांमधील फटींतून तो जातो. जिवंत मातीच्या एका चिमटींत या तंतूंची लांबी कित्येक मीटर भरते. ते स्फुरद, जस्त आणि कांहीं प्रमाणांत पाणी आणून मुळास देतात. मोबदल्यांत झाड आपल्या पानांत तयार झालेल्या अन्नापैकीं शेंकडा ४ पासून २० पर्यंत भाग या सोबत्यास देतें. शर्करेबरोबर स्निग्ध द्रव्येंही दिलीं जातात, हें २०१७ सालीं सिद्ध झालें. जिवंत मुळावांचून या बुरशीस आपली वाढ पुरी करितां येत नाहीं. तेव्हां ज्या देशांत वर्षांतील सहासात महिने मुळेंच सुकून जातात, तेथें तिनें जगावें कसें?

याचें उत्तर ऋतूंच्या क्रमानेंच सांगणें बरें.

रोहिणीच्या किंवा मृगाच्या पहिल्या सरी पडतात. मातींत निजलेले बीजाणु पाणी पिऊन फुगतात आणि प्रत्येकांतून एक धागा बाहेर येतो. जवळ मूळ न सांपडल्यास तो थोडें अंतर चालून थांबतो. कारण त्याची शिदोरी तेवढीच असते. इकडे पेरलेल्या बियाण्याचें कोवळें मूळ, स्फुरदाची चणचण भासतांच, मातींत एक रासायनिक हांक सोडतें. ही हांक ऐकूं येतांच धाग्यास भराभर फांद्या फुटतात व तो मुळापर्यंत पोंचतो. या हांकेचें द्रव्य कोणतें, हें २००५ सालीं जपानी शास्त्रज्ञांनीं ओळखलें. गंमत अशी कीं, ज्वारीच्या मुळावर जगणाऱ्या टारफुल्याचें बीही हीच हांक ऐकून जागें होतें. मित्रास घातलेली साद चोरानेंही ऐकावी, त्यांतला हा प्रकार आहे. आफ्रिकेच्या सॅव्हानांतील गरीब शेतकरी याच टारफुल्यानें गांजलेला आहे.

आषाढ-श्रावणांत पिकाच्या वाढीबरोबर मुळांतील बुरशीही वाढते व मातींत तिचें जाळें पसरतें. मात्र झडीच्या दिवसांत काळ्या रानांत पाणी तुंबलें तर तिचा श्वास कोंडतो. कारण तिला प्राणवायु लागतो. निचऱ्याचे चर काढणारा शेतकरी नकळत तिचीही सोय पाहत असतो. भाद्रपद-आश्विनांत फुलोरा येतो, दाणा भरूं लागतो आणि झाडाचें अन्न मुळांकडून दाण्याकडे वळतें. कवकास ही सूचना पुरेशी होते. तें आतां विस्तार थांबवून संचयाकडे वळतें. तंतूंच्या टोकांशीं जाड कवचाचे, तेलानें भरलेले बीजाणु धरूं लागतात. ते खसखशीच्या दाण्याहूनही लहान असतात. म्हणूनच मोसमी हवामानाच्या पुष्कळ ठिकाणीं मुळांतील बुरशी पावसाळ्यांत अधिक व मातींतील बीजाणु पावसाळा सरतांना आणि कोरड्या दिवसांत अधिक, असा क्रम आढळतो. रब्बीचा हरभरा पेरला तर तिला आणखी तीन महिने यजमान मिळतो. त्यानंतर शिशिराची पानगळ, आणि मग ग्रीष्म.

ग्रीष्मांत ही बुरशी तीन ठिकाणीं तग धरून असते. एक बीजाणूंत; दुसरें वाळलेल्या मुळांच्या तुकड्यांत; आणि तिसरें पळस-मोहासारख्या वृक्षांच्या व बारमाही गवताच्या जिवंत मुळांत. परंतु तिचें एक चौथें आश्रयस्थान आहे, आणि आमच्या विषयाचें मर्म त्यांतच आहे. १९८९ सालीं पश्चिम ऑस्ट्रेलियांतील संशोधकांनीं असें दाखविलें कीं, माती पूर्ण वाळली तरी तिच्यांतील तंतूंचें जाळें, ती माती जागच्या जागीं राहिल्यास, पुन्हां मुळांत शिरण्यास समर्थ राहतें. तीच वाळलेली माती खणून उलथीपालथी केली, तर जाळ्याचें हें सामर्थ्य नाहीसें होतें. ज्या बुरशीनें अवर्षण सोसलें तीच कुदळीपुढें हरली. बीजाणु मागें राहतात हें खरें. पण बीजाणूपासून नव्यानें प्रपंच थाटणें आणि तयार जाळ्यांत नव्या रोपानें आपलें मूळ घालणें, यांत वेळेचा मोठा फरक आहे. ज्या देशांत वाढीचे महिने चारच, तेथें दोन आठवडे हे दोन आठवडे नसतात.

दुसरा दाखला आपल्यासारख्याच काळ्या, भेगाळणाऱ्या मातीचा आहे. ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलंड प्रांतांत, पाणी सांठावें म्हणून शेत वर्षभराहून अधिक काळ पूर्ण उघडें ठेवण्याची चाल होती. अशा पडीक शेतांत पुढें पेरलेलें पीक खुरटें, पिवळट निघे. कारण पुष्कळ दिवस उमगेना. पाणी होतें, नत्र होतें, कीड नव्हती. १९८७ सालीं तेथील शास्त्रज्ञ थॉम्पसन यांनीं दाखवून दिलें कीं, एवढा काळ जिवंत मूळ न मिळाल्यामुळें त्या मातींतील बुरशी रोडावली होती, आणि तिच्यावांचून पिकास स्फुरद व जस्त मिळत नव्हतें.

याचा अर्थ उन्हाळी नांगरट सर्वस्वीं वाईट, असा कोणी घेऊं नये. नांगरटीनें बोंडअळीचे कोश उन्हांत उघडे पडतात, तण मरतें. हे लाभ लहान नाहींत. मिहानच्या शेजारींच, वर्धा मार्गावर पांजरी येथें, १९७६ सालीं स्थापन झालेली केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे. अशा गोष्टींत शेतकऱ्यानें तेथील जाणकारांचा सल्ला घ्यावा हें उत्तम. आमचें सांगणें इतकेंच कीं, प्रत्येक उलथापालथीची एक अदृश्य किंमत असते आणि हिशेबांत ती धरली पाहिजे.

नागपूरच्या संत्र्याइतका या सोबत्यावर विसंबून असणारा दुसरा वृक्ष विरळा. लिंबूवर्गीय झाडांस मूलरोम फार तोकडे व थोडे असतात. अमेरिकेंतील रोपवाटिकांत माती विषारी वायूनें निर्जंतुक करीत, तेव्हां रोगांबरोबर ही बुरशीही मरे आणि खतपाणी मिळूनही रोपें खुंटत. हें खुंटणें बुरशीच्या अभावामुळें आहे, असें १९७२ सालीं निश्चित झालें. आपले बागाईतदार जंभेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात, आणि मृग बहारासाठीं उन्हाळ्यांत बागेचें पाणी तोडून झाडास ताण देतात. ताणाच्या त्या दिवसांत मुळांच्या तोंडीं जो थोडाबहुत घोट पोंचतो, त्यांत या धाग्यांचाही वांटा असतो.

आतां मिहानकडे वळूं. २००२ सालीं या कार्यासाठीं महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली. आणि शिवणगांव, खापरी, तेल्हारा, दहेगांव, कलकुही या गांवांच्या शिवारांत, जेथें कापूस, तूर व ज्वारी पिकत असे, तेथें आज कारखाने, संगणक कंपन्यांच्या इमारती, रुंद रस्ते आणि 'एम्स'सारखें मोठें रुग्णालय उभें आहे. त्या प्रगतीचें मोल आम्ही जाणतों. परंतु काळी माती पावसांत फुगते, उन्हांत आकसते व पाया हलविते. म्हणून बांधकामापूर्वीं ती खरवडून तिच्या जागीं मुरूम भरणें ओघानेंच येतें. पुढें त्याच मुरमांत सावलीसाठीं झाडें लावावयाचीं असतात. आषाढांत समारंभानें लाविलेलें रोप दुसऱ्या वैशाखापर्यंत कां टिकत नाहीं, याचा दोष आपण सामान्यतः पाण्यास, गुरांस किंवा माळ्यास देतों. हीं कारणेंही असतात. पण रोपवाटिकेच्या पिशवींतून निघालेलें तें रोप अशा जागीं जातें, जेथें त्याच्या मुळास भेटावयास कोणीच नसतें, हें आपल्या लक्षांत येत नाहीं. जी माती खरवडली, तिचा उंच ढीग करून दोनचार वर्षें ठेवला तर त्याच्या पोटांतील बुरशीही क्षीण होत जाते. कारण तेथें ना मूळ, ना हवा.

यावर उपाय नाहीं असें नव्हे, आणि त्याचें उदाहरण नागपूर जिल्ह्यांतच आहे. सावनेर तालुक्यांत गुमगांव येथें मँगनीजची खाण आहे. तिच्यांतून निघालेल्या टाकाऊ दगडमातीच्या टेकाडांवर गवतही उगवत नसे. विसाव्या शतकाच्या अखेरच्या काळांत नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेनें, म्हणजे 'नीरी'नें, तेथें एक संयुक्त उपाय योजिला. खड्ड्यांत साखर कारखान्याची मळी घालावयाची, नत्र स्थिर करणारे जीवाणु घालावयाचे, आणि त्याबरोबर रोपांच्या मुळांशीं कवकमूलाच्या बीजाणूंचें विरजण लावावयाचें. त्या उजाड टेकाडांवर साग, शिसू, शिवण, निंब अशीं झाडें उभीं राहिलीं. आम्हांस या कामाचें महत्त्व एवढ्यासाठीं वाटतें कीं, नुसतें खत, नुसतें पाणी किंवा नुसतें विरजण कोणीही पुरें मानलें नाहीं. मातीचें सारें कुटुंबच परत आणून बसविलें.

कुटुंबाचाच विषय निघाला, म्हणून आपल्या घरीं काय करतां येईल तेंही सांगतों. अंगणांत झाड लावितांना जुन्या निरोगी झाडाखालील ओंजळभर माती मुळांशीं घालावी. परसांतील वाफे फाल्गुनापासून मृगापर्यंत उघडे ठेवूं नयेत. पालापाचोळ्यानें झांकावे, आणि एखादें तुळशीचें वा गवती चहाचें ठोंब तरी जिवंत ठेवावें. रासायनिक स्फुरद भरमसाट घातलें तर झाड सोबत्यास पोसण्याचें सोडतें, हें ध्यानांत असावें. टांझानियांतील सेरेंगेटीच्या माळावरही, जेथें मातींत स्फुरद अधिक तेथें ही बुरशी कमी, असेंच आढळलें आहे. बाजारांत 'मायकोरायझा' म्हणून भुकटी मिळते. ती घेणाऱ्यानें ती मुदतींतील व सरकारी मानकाची आहे ना हें पाहावें, आणि ती मुळांना लागेल अशी घालावी. पानांवर शिंपडून तिचा उपयोग नाहीं.

शाळेंत जाणारीं मुलें घरांत असतील तर त्यांजकडून एक प्रयोग करवावा. तीन कुंड्या घ्याव्यात. पहिलींत झाडाखालची साधी माती. दुसरींत तीच माती वाफवून, गार करून. तिसरींत वाफवलेली माती व वर मूठभर साधी माती. तिन्हींत कांद्याचें बी पेरावें, सारखें पाणी द्यावें व दोन महिने टिपण ठेवावें. कांद्यास मूलरोम थोडे, म्हणून तो या सोबत्यावर फार अवलंबून असतो. वाफवल्यानें मातींतील कांहीं द्रव्यें मोकळीं होतात, त्यामुळें निकाल दर वेळीं एकसारखा येईलच असें नाहीं. परंतु जें दिसेल तेंच लिहावयाचें, ही शिस्त मुलांस लागली तरी प्रयोग सफल झाला.

आणि जे सार्वजनिक कामांत आहेत, त्यांस आमची एकच विनंति आहे. जेथें बांधकामासाठीं माती काढणें अटळ असेल, तेथें वरचा वीतभर थर निराळा काढावा. तो फार उंच न रचतां त्यावर गवत वा तागासारखें पीक उभें ठेवावें. आणि वृक्षारोपणाच्या खड्ड्यांत पुन्हां तोच घालावा. जेथें इमारत यावयाची नाहीं, तेथील जुना पळस, मोह व त्यांभोंवतीचें कुसळीचें रान तसेंच राहूं द्यावें. कारण पुढें लावावयाच्या प्रत्येक रोपाचें विरजण तेथेंच आहे. विरजणाची वाटी रिकामी करून मग शेजारीं धांव घेणें, हें कोणत्याही जाणत्या गृहिणीस शोभत नाहीं. तें नगर वसविणाऱ्यांस तरी कां शोभावें?